शिक्का कुणाच्या हाती?



कचेरीत नवा माणूस रुजू झाला की त्याला टेबल मिळतं, खुर्ची मिळते आणि ईमेल मिळते. ही ईमेल देतात कशी? लोटस नोट्सचं उदाहरण घेऊ. १९८९ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली २०१९ पासून एचसीएल या भारतीय कंपनीकडे आहे.

इथे नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन भागत नाही. नोंदणी करताना प्रत्येकाची एक आयडी फाइल तयार होते. तिच्यावर संस्थेचा डिजिटल शिक्का उमटतो. हा शिक्का म्हणजे 'सर्टिफायर' नावाची आणखी एक फाइल. सर्व्हरचीही अशीच नोंद होते. मग सर्व्हर माणसाचा शिक्का तपासतो आणि माणसाचा संगणक सर्व्हरचा.

मी होतो त्या कचेरीत हा शिक्का एकाच संगणकावर होता. एका पावसाळ्यात त्याची हार्ड डिस्क गेली. जुन्यांचं टपाल चालू राहिलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. नव्यांची नोंदणी मात्र थांबली. मग नव्या मुलीला शेजारच्या क्लार्कबाईंची आयडी आणि पासवर्ड दिला गेला. महिन्याभरात एका पुरवठादाराला बाईंच्या नावाने चुकीचा दर गेला. पत्र त्यांनी लिहिलंच नव्हतं. मेमो मात्र त्यांना मिळाला. 'पासवर्ड देऊन टाका' असं त्यांना सांगणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा शिक्क्याची एक प्रत दुसऱ्या जागी, कुलपात ठेवा. तो उघडायला दोघांचे पासवर्ड लागावेत, अशी सोय आहे, ती वापरा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव प्रवेशबंदीच्या यादीत घाला.

सर्व्हर नावावर विश्वास ठेवतो. ते नाव सांभाळायचं काम आपलं.