पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

(शारदीय व्याख्यानमालेत इंदूरच्या सराफ्याजवळच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘बारावीचे रसायनशास्त्र : अभ्यास आणि उजळणी’. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा वेळ मला त्याच्या बाजूने भांडता येईल. रसायनशास्त्राची उजळणी पुस्तक मिटल्यावर सुरू होते. धडा एकदा नीट समजून घ्या. मग पुस्तक मिटा, कोरा कागद समोर ओढा आणि आठवेल ते सगळे लिहा. अडलात तरी पान उलटू नका, थोडे झगडा. शेवटी पुस्तक उघडा आणि जे चुकले, जे सुटले ते लाल पेनाने भरा. तो लाल भाग हाच तुमचा उद्याचा अभ्यास.

बोर्डाची रचना तुम्हाला पाठ आहे. लेखी 70, प्रात्यक्षिक 30. नीटमध्ये 720 पैकी 180 गुण रसायनाचे, जेईई मेनमध्ये 300 पैकी 100. कोणते धडे गेले आणि कोणते राहिले, हेही घरोघरी माहीत आहे. ते मी सोडून देते.

आता पुरावा. 2006 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. दोन्ही गटांतल्या काहींची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. उरलेल्यांची आठवड्याने घेतली. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्याला चांगले आठवेल असा विश्वास कोणाला जास्त होता? वाचणाऱ्यांना!

हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर परीक्षेनंतर रडणारी मुले येतात. “मॅडम, सगळं येत होतं हो, ऐनवेळी सुचलं नाही.” ती खोटे बोलत नसतात. पाचव्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भास होतो. समोरच्या गल्लीतला सराफ पिवळेपणा बघून सोने घेत नाही. तो डाग कसोटीच्या दगडावर घासतो, त्या रेघेवर आम्ल लावतो आणि मगच भाव बोलतो. मुलांनी स्वतःच्या समजुतीशी एवढेच कडक वागावे, असे माझे मागणे आहे.

(सभागृहातून एक गृहस्थ : “पण कोचिंगच्या नोट्स मुलगा रोज चार तास वाचतो. ती उजळणी नाही का?”)

नाही. स्पष्ट बोलते, राग मानू नका. (टाळ्या) टाळ्या नकोत, कारण भंवरकुआंच्या कोचिंगमधून आलेले दोन-तीन शिक्षक इथे बसलेत आणि मी कोचिंगविरुद्ध बोलायला आलेले नाही. चांगल्या नोट्स शिक्षकाच्या कष्टातून तयार होतात, त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण त्या नोट्स करताना आठवण्याचे, निवडण्याचे, मांडण्याचे काम शिक्षकाच्या डोक्याने केलेले असते. मुलाच्या डोक्याला ते काम मिळायला हवे. दादा, त्या चार तासांतले दोन तास नोट्स कपाटात ठेवून लिहायला लावा. एवढा बदल करा आणि पुढच्या चाचणीत बघा.

(एक विद्यार्थिनी : “म्हणजे पाठांतर करायचंच नाही?”)

करायचे, बाळ, करायचेच. क्रोमियमची शेवटची मांडणी 3डी-पाच, 4एस-एक आणि तांब्याची 3डी-दहा, 4एस-एक, हे पाठच हवे. कोणत्या अभिकारकाने अल्कोहोलचे अल्डिहाइड होऊन तिथेच थांबते, हेही पाठ हवे. मात्र पाठ केलेल्या गोष्टीला ‘का’ची दोरी बांधलेली असली, तर एक विसरली तरी दुसरीच्या आधाराने ती परत ओढून आणता येते. याचे उदाहरण आपण बसलो आहोत तिथलेच घेऊ.

सराफ्याचे रात्रीचे रूप साऱ्या देशाला ठाऊक आहे. भुट्ट्याचा कीस, जलेबी, दहीवडा. (हशा, “वास येतोय!”) येतोय ना? म्हणून मी घाईत आहे. पण गाड्या लागण्याआधी दिवसभर इथे सोन्या-चांदीच्या पेढ्या असतात, आणि सराफ बाजारातला केर कोणी फुकट टाकून देत नाही. कानशीने घासताना उडालेले कण झाडलोटीत जातात. तो केर विकत घेऊन त्यातून सोने काढणारे कारागीर असतात. महाराष्ट्रात त्यांना झारेकरी म्हणतात, आपल्याकडे न्यारिये. त्यांचे काम पायरीपायरीने बघा आणि प्रत्येक पायरीला मला धडा सांगा.

केर पाण्यात धुतात, हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. ते वितळवून जो गोळा मिळतो त्यात सोने असते, चांदी असते, तांबे असते. आता वेगळे कसे करायचे? नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाका. पुस्तकातला प्रमाण इलेक्ट्रोड पोटेन्शियलचा तक्ता आठवा. तांबे 0.34 व्होल्ट, चांदी 0.80, नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड 0.97, सोने 1.40. नायट्रिकच्या खाली जे दोन आहेत ते विरघळले, वर आहे ते सोने तसेच राहिले. चार आकडे आणि एक जुनी विद्या! धडा कोणता?

(अनेक आवाज : “इलेक्ट्रोकेमिस्ट्री!”)

शाबास. पण थांबा, कारागिराला इथे एक अडचण येते. गोळ्यात सोने जास्त असेल तर नायट्रिक आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही, सोन्याचे कण तिला झाकून बसतात. म्हणून तो त्यात आणखी चांदी मिसळतो, एका भाग सोन्याला सुमारे तीन भाग. चांदी काढायची म्हणून आधी चांदी घालायची! भट्टीवर सोन्याचा टंच काढतानाही हीच युक्ती वापरतात. मग सगळी चांदी विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. सोनेच ते, पण चमक नाही. वितळवले की पिवळे होते.

विरघळलेली चांदी? तीही तो सोडत नाही. त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवतो. 0.80 मधून 0.34 वजा करा, 0.46 व्होल्ट, धन आले, म्हणजे प्रक्रिया आपोआप होणार. तांबे विरघळते, चांदीचा लगदा खाली बसतो आणि द्रावण निळे होते. निळे का होते, हे डी-ब्लॉकच्या धड्यातून मला कोणी सांगेल?

(एक विद्यार्थी : “कॉपर टू-प्लसमध्ये एक अनपेअर्ड इलेक्ट्रॉन, डी-डी ट्रान्झिशन!” टाळ्या)

बरोबर. आणि चांदीच्या आयनात डी-कक्षा भरलेली, म्हणून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण रंगहीन. आता शेवटचा प्रश्न, माझा सगळ्यात लाडका. नायट्रिकला न जुमानणारे सोने आम्लराजात कसे विरघळते? आम्लराज म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. हायड्रोक्लोरिक एकटे सोन्याचे काही वाकडे करू शकत नाही. पण नायट्रिकने सोन्याचा एखादा अणू जरी आयन केला, तरी चार क्लोराइड त्याला घेरून कॉम्प्लेक्स करतात आणि परतीची वाट बंद होते. तक्त्यावरचे 1.40 उतरून सुमारे 1.00 वर येते. आम्ले संहत असतात, म्हणून उरलेले अंतरही पार होते. हा कोऑर्डिनेशनचा धडा. सायनाइडच्या द्रावणात तर हवेतला ऑक्सिजनही सोन्याला पुरतो. पुढे जस्त टाकून ते परत मिळवतात, आणि एवढे दोन वाक्यांत तुमच्या एनसीईआरटीत आजही आहे. धातू काढण्याचा स्वतंत्र धडा पुस्तकातून गेला, तरी सोने अभ्यासक्रमातून गेलेले नाही.

हिशेब करा. सीबीएसईच्या वाटणीत इलेक्ट्रोकेमिस्ट्री 9, डी-एफ ब्लॉक 7, कोऑर्डिनेशन 7. सत्तरपैकी 23 गुणांचे धडे एका न्यारियाच्या कामात एकत्र आले. परीक्षेतला कठीण प्रश्न असाच दोन-तीन धड्यांच्या सांध्यावर बसलेला असतो. धडावार वाचणाऱ्याला तो सांधा दिसत नाही. कोऱ्या कागदावर न्यारियाची गोष्ट लिहून काढणाऱ्याला दिसतो. आणि एक कळकळीची सूचना. यातले काहीही घरी करून बघू नका. नायट्रिकचा तपकिरी धूर फुप्फुसे जाळतो. काही ठिकाणी पारा वापरतात, त्याची वाफ तर त्याहून घातक. हे काम करणाऱ्यांची तब्येत हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो इथे कोणीतरी मांडलाच पाहिजे.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.)

दहा मिनिटे? मला वाटले होते वीस असतील. (हशा) बरे, उरलेले भराभर सांगते. मुलांनो, लिहून घ्या.

भौतिक रसायन : गणित सोडवलेले वाचू नका. प्रश्न उतरवा, उत्तर झाका, सोडवा. आधी एककांसकट दिलेली माहिती मांडा. नर्न्स्टच्या समीकरणात 0.059 भागिले एन लिहिताना तापमान 298 केल्विनच आहे ना, ते बघा. चुकांची एक वही ठेवा. तिच्यात उत्तर लिहू नका, चूक कुठे झाली ते एका ओळीत लिहा.

सेंद्रिय : बेंझीनपासून सुरू करून एका मोठ्या कागदावर बाणांचा नकाशा, प्रत्येक बाणावर अभिकारक. दर आठवड्याला न बघता नवा काढा. ओळखीच्या चाचण्या जोडीने लिहा. टॉलेन्सने अल्डिहाइडला चांदीचा आरसा येतो, कीटोनला सहसा येत नाही. बघा, चांदी इथेही आली.

अंतर : आज लिहिलेला धडा तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. मधल्या काळात थोडे विसरायला होईल. घाबरू नका, विसरलेले ओढून आणतानाच ते पक्के बसते. शेवटच्या महिन्यात धडे मिसळून प्रश्न सोडवा, म्हणजे कोणती पद्धत लावायची हे ठरवण्याचाही सराव होतो.

आणि बोलणे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मूल शाळेत हिंदी किंवा इंग्रजी ऐकते, घरी मराठी बोलते. याचा फायदा घ्या. रात्री जेवताना आजीला मराठीत सांगा, मीठ घातल्यावर पाणी उशिरा का उकळते. आजी विचारतील, “म्हणजे रे काय?” त्या एका प्रश्नाने तुमचे समजणे जेवढे तपासले जाईल तेवढे दहा वाचनांनी होणार नाही.

(घंटा वाजते.) प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा राहून गेली. ज्यांना हवे त्यांनी नंतर मला गाठा, मी थांबते आहे.

पालकांना एकच विनंती. “आज किती वाचलंस?” हे विचारणे आजपासून थांबवा. त्या प्रश्नाला मूल पानांचा आकडा सांगते आणि दोघांचेही समाधान होते. त्याऐवजी म्हणा, “आज न बघता काय लिहिलंस, दाखव.” तुम्हाला रसायन येत नसले तरी चालेल. कागदावर लाल पेन किती फिरले ते तुम्हाला दिसेल. लाल जास्त दिसले तर रागावू नका, कारण त्याच मुलाने खरा अभ्यास केला आहे. तीन आठवड्यांनी त्याच धड्याचा दुसरा कागद मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. लाल कमी झाले असेल, तर मुलाला बोर्डाच्या निकालाआधीच कळेल की आपल्याला येते आहे.