नाटक शिकवायला जाताना

(नवी मुंबईत कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमच्यापैकी काही जणी तुर्भे, दिघा इथल्या वस्त्यांमध्ये नाटक शिकवायला निघाल्या आहात. मानधन नाही, मुदत काही महिन्यांची. उत्साह हवाच. पण एक प्रश्न बरोबर असू द्या: प्रयोग संपल्यावर त्याची किंमत कोण मोजतं?

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे. शहरातल्या नटांना घेऊन ते ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब शेतकऱ्यांकडे गेले. जमिनीसाठी रक्त सांडायला तयार व्हा, असं त्यांचं नाटक सांगत होतं. प्रयोगानंतर विर्जिलिओ नावाचा शेतकरी म्हणाला, चला मग, तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर या. बंदुका तर नाटकातल्या, लाकडी! जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही, हा धडा बोआल तिथे शिकले. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी फोरम थिएटर उभं केलं. त्यात प्रसंग अडला की प्रेक्षकातलीच कुणी उठून पात्राची जागा घेते आणि वाट शोधून बघते.

आपल्याकडेही हा अनुभव आहे. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं, ते चळवळीतल्या बायकांना घेऊन. शेजारच्या ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या पुढाकारानं २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. एवढा मोठा नाटककार, पण मुलांच्या हाती तयार संहिता दिली नाही. वस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवल्या.

आता बायकांचं बघा. दारुड्या नवऱ्याचा प्रसंग एखादी इतका खरा करते की टाळ्या पडतात. आपण खूश होऊन घरी येतो. तिला मात्र त्याच गल्लीत, त्याच नवऱ्याकडे परतायचं असतं. म्हणून स्वतःचं दुःख स्वतःच वठवायचा आग्रह कुणालाही धरू नका. गोष्टींची अदलाबदल करा. कुठला प्रसंग चारचौघांत दाखवायचा आणि कुठला तालमीतच ठेवायचा, हे तिनं ठरवायचं. प्रयोगाआधी वस्तीतल्या मंडळाशी बोलून ठेवा. घरी मारहाण झालीच तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तो अधिकारी कुठे बसतो, हे आधीच विचारून ठेवा.

तालमीची वेळही बायकांनाच विचारा. पाणी येण्याची वेळ, कामाची पाळी, शाळेतून येणारी मुलं, हे सगळं सांभाळून त्या येणार आहेत. तान्ह्या मुलाला कोण घेणार, हेही तालमीचंच काम समजा.

आणि तुमची मुदत संपायच्या आत वस्तीतल्या दोघी-तिघींनी तुमच्याशिवाय तालीम घेऊन पाहिलेली असावी. त्या दिवशी तुम्ही मागे सतरंजीवर बसा, आणि विचारल्याशिवाय बोलू नका.