जुन्या गाडीचा आवाज



ज्या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांवर विद्वान मंडळी बोलून गेली, तेथे 'जुन्या मोटारीत नवे स्पीकर कसे निवडावेत व कसे बसवावेत' हा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि गॅरेजांतील कामगारांच्या शेजारी बसून झाले. तेव्हा मी बोलणार ते हाताच्या कामाविषयीच. पण हाताच्या कामामागे विचार असतो, हिशेब असतो आणि न्याय-अन्यायही असतो. आजच्या विषयात ही तिन्ही आहेत, असे माझे म्हणणे आहे.

मोटारीत आवाज आला त्याला आता शंभर वर्षे होत आली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली जो स्पीकर जगापुढे मांडला, त्याच्याच जातीचा स्पीकर आज आपल्या गाडीच्या दारात बसलेला असतो. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला व त्याला मोटोरोला हे नाव दिले. आपल्याकडे १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि पुढे गाणी रस्त्यावरही ऐकू येऊ लागली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी गाडीत बसून मुंबईच्या दोन पिढ्यांनी ती ऐकली. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मारुती ८०० गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आणि घरोघरच्या मारुती अजून आहेत. त्यांची इंजिने चालतात, मात्र आवाज फाटलेला असतो.

तो का फाटतो ते आधी पाहू. स्पीकर म्हणजे कागदाचा किंवा प्लास्टिकचा एक शंकू. त्याच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेची कॉईल असते आणि ती लोहचुंबकाच्या फटीत हालते. प्रवाह आला की कॉईल पुढे-मागे होते, तिच्याबरोबर शंकू हालतो आणि शंकूबरोबर हवा हालते. शंकूच्या काठाला मऊ कड असते. ही कड फोमची असेल तर उन्हाने आणि दमट हवेने ती वर्षांनुवर्षे कुजते आणि बोट लावताच भुगा होते. रबराची कड पुष्कळ अधिक टिकते. कागदी शंकू दारात झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने नरम पडतो. म्हणून आपल्या कोकणपट्टीच्या हवेत रबरी कडेचा आणि प्लास्टिकच्या शंकूचा स्पीकर घ्यावा.

परंतु विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारावा. स्पीकरच बिघडला आहे, की तार तुटली आहे? दार दिवसातून वीस वेळा उघडते आणि मिटते, त्यामुळे बिजागरीपाशी तार वाकून वाकून आतल्या आत तुटते. मीटर लावून स्पीकरच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. ४ ओहमच्या स्पीकरवर मीटर ३ ते ४ च्या दरम्यान काही तरी दाखवील. काहीच दाखवले नाही, तर कॉईल जळली. आकडा बरोबर आला, तर दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू अगदी हलके, सारखा दाबावा. खरखर ऐकू आली तर कॉईल फटीत घासते आहे. दोन्ही गोष्टी ठीक असतील आणि कडही शाबूत असेल, तर स्पीकर निर्दोष आहे. मग दुकानात न जाता तार शोधावी. ही पाच मिनिटांची तपासणी गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचवते.

आता निवडीकडे येऊ. आपण लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जा, प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडा छापलेला दिसेल. ३०० वॅट, ५०० वॅट, हजार वॅट! मंडळी, हा आकडा म्हणजे निवडणुकीच्या सभेतले आश्वासन आहे. त्याचा हिशेब आपण येथेच मांडू. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. स्पीकरचा रोध ४ ओहम धरा. १४.४ ला १४.४ ने गुणले तर सुमारे २०७ येतात, त्याला ४ ने भागले की ५२. हा झाला क्षणभराचा शिखराचा आकडा. 'प्रत्येकी ५० वॅट, चार स्पीकर' असे जे रेडिओवर लिहिलेले असते, ते येथून येते. सलग मिळणारी ताकद याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट, तीही कागदावर. यंत्रात होणारी गळती वजा करता हातात १५ ते २० वॅट राहतात. वेगळा अँप्लिफायर न बसवता साध्या रेडिओवर हजार वॅटचा स्पीकर लावला, तरी त्याला मिळणार आहेत ते हेच १५-२० वॅट.

मग पाहायचे काय? खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत आर.एम.एस. म्हणून आकडा असतो, तो सलग ताकदीचा. तो वाचावा. त्याहून महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनक्षमता, जी डेसिबलमध्ये देतात. एका स्पीकरवर ८८ लिहिले आहे आणि दुसऱ्यावर ९१. फरक फक्त तिनाचा दिसतो, पण ३ डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद. ८८ वाल्याला जो आवाज काढायला ३० वॅट लागतील, तो ९१ वाला १५ वॅटमध्ये काढील. जुन्या गाडीतल्या साध्या रेडिओला असा थोडक्यात गोड बोलणारा स्पीकर हवा, डाळ शिजण्याआधीच सारी लाकडे खाणारी चूल नको.

रोधाचेही तसेच आहे. रेडिओ ४ ओहमसाठी बांधलेला असेल तर ४ ओहमचाच स्पीकर घ्यावा. घरच्या जुन्या संचातला ८ ओहमचा लावला तर ताकद निम्म्यावर येते, आणि २ ओहमचा लावला तर रेडिओ तापून निकामी होऊ शकतो.

मापाच्या बाबतीत गाडीचे ऐकावे. दुकानदार म्हणेल, 'साहेब, मोठा घ्या, जागा करून देतो.' जागा करून देणे म्हणजे पत्रा कापणे. कापलेल्या काठाला गंज लागतो आणि गाडीची किंमत उतरते. म्हणून भोकाचा व्यास, स्क्रूंमधले अंतर आणि खोली ही तिन्ही मापे आधी घ्यावीत. खोली मोजताना दाराची काच पूर्ण खाली घ्यावी. काच वर असताना मोजलेली खोली खोटी असते. नंतर कोणी काच खाली केली, की ती चुंबकावर आपटते.

आता बसवण्याचे काम. आजच्या व्याख्यानाचे खरे सार येथे आहे, म्हणून थोडे सावकाश सांगतो.

शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. स्पीकरच्या भोवती फट राहिली तर पुढची हवा त्या फटीतून मागे पळते आणि दोघींची बेरीज शून्य होते. ढोलकीचा ठेका नाहीसा होतो आणि उरते ती नुसती चरचर. म्हणून स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावून फट बुजवावी. दाराच्या आतल्या पत्र्याला आवाज दाबणारा जाड चिकट थर लावावा, म्हणजे पत्रा स्वतः वाजत नाही. मागच्या काचेखाली पुठ्ठ्यासारखी पातळ फळी असेल, तर तिच्यावर लंबगोल मोठे स्पीकर ठेवून काही साधत नाही, कारण शंकूऐवजी फळीच नाचते. तिच्या जागी मापाची प्लायवुडची फळी बसवावी आणि ती नीट घट्ट करावी. दाराच्या अस्तरामागे प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडून टाकू नये. पावसाचे पाणी तो आत येऊ देत नाही.

तारांचे दोन नियम आहेत. पहिला, दोन्ही बाजूंचे स्पीकर एकाच दिशेने हालले पाहिजेत. एकाची धन-ऋण उलटी लागली तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खर्जाचा आवाज हवेतच मरतो. दीड व्होल्टचा एक सेल घ्यावा, तारेला क्षणभर टेकवावा आणि शंकू कोणीकडे सरकतो ते पाहावे. सारे शंकू एकाच बाजूला सरकले पाहिजेत. दुसरा नियम जुन्या गाड्यांसाठी फार मोलाचा आहे. पूर्वीच्या काळी कित्येक ठिकाणी स्पीकरची एक तार सरळ गाडीच्या सांगाड्याला जोडत. आजच्या बहुतेक रेडिओंना हे चालत नाही. त्यांच्या दोन्ही तारांत प्रवाह असतो आणि त्यांतली एक सांगाड्याला टेकली तर रेडिओतला चिप जळू शकतो. म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा रेडिओपर्यंत ओढाव्यात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे घालावे. जोड नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये. मे महिन्यात बंद गाडीत चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. जोडाला डाख द्यावा किंवा तो दाबून पक्का करावा, आणि वर नळी चढवावी. अँप्लिफायर घातलाच, तर बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो नसला आणि तार कोठे घासली, तर गाडी पेट घेऊ शकते.

आता मला सांगा, हे सारे करायला किती वेळ लागेल? चार दारांची अस्तरे काढायची, मापे घ्यायची, फटी बुजवायच्या, तारा ओढायच्या, जोड पक्के करायचे, प्रत्येक स्पीकर तपासायचा आणि अस्तर न मोडता परत बसवायचे. जाणत्या कारागिराचा निदान अर्धा दिवस जातो. आणि दुकानाच्या दारावर पाटी काय असते? 'फिटिंग फुकट.'

बंधुभगिनींनो, श्रम कधी फुकट नसतात. पाटीवर फुकट लिहिले म्हणजे त्यांची किंमत कोणा दुसऱ्याच्या माथी मारली एवढेच. ती किंमत तो पोऱ्या भरतो, ज्याला गाडीमागे ठरावीक पैसे मिळतात आणि म्हणून जो वीस मिनिटांत गाडी हातावेगळी करतो. आणि तीच किंमत गिऱ्हाईकही भरते, कारण वीस मिनिटांत फट बुजत नाही की जोडाला डाख लागत नाही. दहा हजारांचे स्पीकर घेऊन घरी गेलेला गृहस्थ म्हणतो, 'कंपनी खोटी निघाली.' कंपनी खोटी नसते, खोटी ती पाटी. दोन हजारांचा स्पीकर नीट बसवला तर गळक्या दारातल्या दहा हजारांच्या स्पीकरपेक्षा चांगला वाजतो.

या कारागिराच्या मागे कायदा कितीसा उभा आहे? १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा लहान दुकानांनाही लागू होता. २०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि त्याच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरत्या ठेवल्या. फिटिंगच्या दुकानात माणसे असतात तीन किंवा चार. साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला, हजेरीपट यांविषयी तेथे बोलायचे ते मालकाच्या चांगुलपणाच्या भरवशावर. दुकानदारालाही मी शत्रू मानत नाही. शेजारच्याने 'फुकट' लिहिले की त्यालाही तसे लिहावे लागते. ही साखळी तोडण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, तो गिऱ्हाईक या सभेत बसला आहे.

एक गोष्ट कानाची. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दिवसभर गाडी हाकणाऱ्याने रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवला, तर तो आपल्या कानांच्या भांडवलातून उचल करतो आणि ती उचल परत फेडता येत नाही. चांगल्या बसवलेल्या स्पीकरचा मोठा गुण हाच, की तो हळू आवाजातही स्पष्ट ऐकू येतो आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही आपल्याला ऐकू येतो.

तेव्हा माझी विनंती थोडक्यात अशी. दुकानात गेल्यावर वॅट विचारू नका, आर.एम.एस. आणि संवेदनक्षमता विचारा. बिलावर मालाची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी लिहून मागा. आणि कारागिराला म्हणा, 'दादा, घाई नाही, सावकाश करा.' हे शब्द त्याला क्वचितच ऐकायला मिळतात. ते ऐकल्यावर हात किती वेगळा चालतो, हे आपल्याला गाडीत बसल्यावर कळेल.