रव्याच्या डब्यातील पाहुणा

पावसाळ्यात रव्याचा डबा उघडावा आणि आतून एक करडे पाखरू भुर्रकन उडून भिंतीवर बसावे, हा अनुभव कोणत्या घराला नाही? डब्यात पाहावे तो रव्याच्या जाळीदार गुठळ्या झालेल्या! पुष्कळदा हा पाहुणा म्हणजे तांदळावरील पतंग असतो. त्याचे शास्त्रीय नाव कॉर्सिरा सेफॅलोनिका.

याचे रूप अगदीच सामान्य. पसरलेल्या पंखांची रुंदी 14 ते 24 मिलिमीटर. पुढचे पंख मळकट करडे, मागचे फिकट; त्यांवर ना ठळक ठिपका, ना नक्षी. केवळ शिरा किंचित गडद दिसतात. त्याच डब्यात येणाऱ्या दुसऱ्या एका पतंगाच्या पंखांची टोकाकडील बाजू तांबूस असते; त्यामुळे तो चटकन ओळखू येतो. याला ओळखायचे तर भिंग घेऊन डोके पाहावे. मादीच्या मुखाजवळचे स्पर्शक लांब, टोकदार आणि पुढे आलेले असतात, नराचे आखूड.

स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1866 साली या जातीचे वर्णन केले. सेफॅलोनिया आणि कॉर्सिरा ही दोन ग्रीक बेटांची नावे. आपल्या तांदळाचा हा शत्रू ती दोन्ही मिरवीत आहे! वर्गीकरणात तो पायरॅलिडी कुळात येतो आणि मधमाश्यांच्या पोळ्यातील मेण पोखरणारा पतंग त्याच्याच उपकुळातला.

धान्याची नासाडी मात्र पतंग करीत नाही, त्याची अळी करते. दाणे रेशमी धाग्यांनी गुंफून त्यांच्या आड ती पोट भरते. म्हणून उडणारे पाखरू मारून भागत नाही. धान्य चांगले वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हाच खरा उपाय.

आणि आता नवलाची गोष्ट ऐका. हाच पतंग प्रयोगशाळांतून भरडलेल्या धान्यावर मुद्दाम वाढविला जातो! त्याची अंडी अतिनील किरणांखाली धरतात, म्हणजे त्यांतून अळी निघत नाही. मग त्यांवर ट्रायकोग्रामा नावाचे मिलिमीटरहूनही लहान परोपजीवी कीटक वाढवितात. हे कीटक उसाच्या शेतात सोडले की खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालून त्यांचा नाश करतात. खोडकिडाही पतंगच, वर्गीकरणात आपल्या पाहुण्याचा दूरचा भाऊबंद.

डब्यातील वैरी असा शेतात कामास येतो. तेव्हा पुढच्या खेपेस रवा चाळताना, त्या करड्या पाखराला झटकण्यापूर्वी, त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहावे, एवढीच विनंती.