पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

मुंबई-गोवा महामार्गावरून देवगडला जाणारा रस्ता जिथे फुटतो, ते आमचं नांदगाव. या गावातल्या आणि आसपासच्या काजू कारखानदारांची, आंबा व्यापाऱ्यांची, दुकानदारांची बिलांची आणि हिशेबाची सॉफ्टवेअर सांभाळणं हा माझा व्यवसाय. पूर्वी ही सॉफ्टवेअर दुकानातल्या संगणकात भरलेली असत. आता बहुतेक इंटरनेटच्या पानावर, ब्राउझरमध्ये उघडतात. तेव्हापासून मला सर्वांत जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात. ‘हेनी माका परत भायर काढल्यान!’ म्हणजे बिल अर्धं लिहून झालेलं असतं, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि पडद्यावर पाटी येते: पुन्हा लॉग-इन करा.

यावर जवळजवळ प्रत्येकाचा पहिला उपाय ठरलेला असतो. पासवर्ड बदलायचा. मी पोचेपर्यंत तो दोनदा बदललेला असतो आणि नवा कोणता ठेवला यावरून घरात वाद चाललेला असतो. खरं तर अशा वेळी पासवर्डचा बहुधा काही संबंधच नसतो.

श्रोतेहो, ज्यांनी जुन्या काळी बँकेतून पैसे काढले आहेत त्यांना पितळी बिल्ला आठवत असेल. चेक दिला की कारकून नंबर कोरलेला बिल्ला हातात ठेवायचा. सही आत तपासली जायची. मग रोखपाल नंबर पुकारायचा, बिल्ला घ्यायचा आणि नोटा मोजून द्यायचा. तुम्ही कोण, हे तो पुन्हा विचारत नसे.

लॉग-इनचं अगदी असंच आहे. इंटरनेटवरची पानं ज्या पद्धतीने पाठवली जातात, त्या पद्धतीला मुळात स्मरणशक्ती नाही. तुम्ही दहा वेळा बटण दाबलंत, तर पलीकडच्या सर्व्हरला दहा अनोळखी माणसं आल्यासारखी वाटतात. यावर 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी तोड काढली. तिला ‘कुकी’ म्हणतात. पासवर्ड एकदा तपासला की सर्व्हर एक लांबलचक नंबर देतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि प्रत्येक वेळी दाखवतो. तो नंबर चालतो तोवर तुमचं ‘सेशन’ चालू. म्हणून बाहेर फेकले गेलात तर पासवर्डच्या मागे लागण्याआधी बिल्ल्याचं काय झालं, ते पाहावं.

कधी तो ब्राउझरकडूनच हरवतो. संगणक ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअर लोक हौसेने घालून घेतात, ती कचऱ्याबरोबर बिल्लेही झाडून काढतात. कधी दोष घड्याळाचा असतो, आणि हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. संगणकात नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल असतो. काही वर्षांनी तो संपला, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख थेट काही वर्षं मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडेनाशी होतात. कोणी हाताने तारीख लावताना साल पुढचं लावलं, तर गंमत वेगळीच. मिळालेला बिल्ला ब्राउझरला मुदत संपलेला वाटतो. पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुन्हा पासवर्डचंच पान समोर येतं. मी गेल्या गेल्या पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघतो, ते यासाठी.

कधी सर्व्हर विसरतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. ज्यांचा सर्व्हर दुकानाच्या माळ्यावरच आहे, तिथे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला की दिलेल्या बिल्ल्यांची यादी पुसली जाते आणि सगळेच एकदम बाहेर. मोठ्या कंपन्यांकडे एकाच कामाला अनेक सर्व्हर असतात. पहिल्याची यादी दुसऱ्याकडे नसली तर एक बटण चालतं, दुसरं चालत नाही. तो दोष सॉफ्टवेअर करणाऱ्याचा; गिऱ्हाइकाने शंभर पासवर्ड बदलले तरी जाणार नाही. आणि ब्रॉडबँड बंद पडला म्हणून मोबाइलचं नेट जोडलं, तर तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. काही सॉफ्टवेअर मग संशयाने दार लावून घेतात. तो संशय रास्तच आहे.

पासवर्ड बदलण्याच्या घाईचा खरा फटका बसतो तो जीएसटीचं विवरणपत्र भरताना. दर महिन्याला भरणाऱ्यांची शेवटची तारीख 20. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये, व्यवहार शून्य असेल तर 20. त्या दिवशी सेशन तुटलं की माणूस घाबरून ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो. ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि तो बऱ्याचदा कणकवलीत बसलेल्या कर सल्लागाराचा असतो. 20 तारखेला त्यांचा फोन लागेल तर शपथ. जुन्या पासवर्डने पुन्हा आत गेले असते, तर काम कधीच झालं असतं.

मात्र बाहेर फेकलं जाणं हा नेहमी बिघाड नसतो. एका काजू व्यापाऱ्याकडे चार जण एकच नाव वापरून काम करत. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका नावावर एकच सेशन चाले, त्यामुळे गोदामातला आत आला की कचेरीतला बाहेर. शिव्या मात्र टेलिफोन खात्याला. चौघांना चार नावं दिली आणि तक्रार त्याच दिवशी थांबली.

दुसरी हकीकत इतकी हलकी नाही. एका पेढीच्या मालकांना सारखं लॉग-इन करण्याचा कंटाळा. त्यांनी आधीच्या माणसाकडून सेशनची मुदत बारा तासांची करून घेतली होती. एके दिवशी मोठ्या रकमेचं एक बिल रद्द झालेलं सापडलं. नाव निघालं बिलं करणाऱ्या बाईंचं. गावातली मुलगी, लग्नानंतर घर चालवण्यासाठी नोकरी करणारी. कामावरून काढण्याचं जवळजवळ ठरलं होतं. मला बोलावलं ते पुरावा काढून द्यायला.

मी नोंदवही उघडली, म्हणजे सर्व्हर आपोआप लिहितो ती. बिल रद्द झालं संध्याकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी. बाई 6 च्या एसटीने घरी जात, हे सगळ्यांना माहीत. रद्द करताना पासवर्ड कोणीच घातला नव्हता. सकाळी 9 ला त्यांनी घेतलेला बिल्लाच तेव्हाही चालू होता. पडदा बंद केला होता, संगणक नाही. म्हणजे त्या टेबलाशी आलेल्या कोणाच्याही हातून ते झालं असेल. ते कोणी केलं, हे नोंदवहीतून कळणं शक्य नव्हतं, आणि तर्क करायला मी नकार दिला. मालकांना ते आवडलं नाही. पण बाईंची नोकरी राहिली.

त्या पेढीत आता दहा मिनिटं हात लावला नाही तर सेशन तुटतं. बिल रद्द करायचं तर पासवर्ड पुन्हा विचारला जातो. मालक अजून कुरकुरतात, दर महिन्याला एकदा तरी मुदत वाढवा म्हणून फोन येतो. बाई मात्र पाणी प्यायला उठल्या तरी आधी लॉग-आउट करतात.