आहारविकार : एक कीं अनेक ?

श्रोतेहो, ‘आहारविकार’ हा शब्द अलीकडे घरोघरीं ऐकूं येतो. त्याच्या वचनाचा आणि लिंगाचा आज विचार करूं. कारण या व्याकरणांत रोग्याचें हित गुंतलेलें आहे.

प्रथम एक भेद सांगतों. १९८२ च्या संपांत लोअर परळच्या चाळींनीं सोसली ती उपासमार. तेथें अन्नच नव्हतें. आहारविकारांत अन्न पुढें असतें, आणि मन त्याच्याशीं झगडत असतें.

आतां वचन. एक विकार, दोन विकार. शब्दाचें रूप बदलत नाहीं. त्यामुळें ऐकणारास रोग एकच वाटतो. वस्तुतः ते अनेक आहेत. ॲनोरेक्सियांत वजन वाढण्याच्या भीतीनें खाणें तोडलें जातें. बुलिमियांत अमर्याद खाऊन पुष्कळदां तें ओकून टाकलें जातें. तिसऱ्या एका विकारांत अमर्याद खाणें असतें, पण ओकणें नसतें. रोग एकच, असें धरून चाललें कीं हाडकुळा देह तेवढा रोगी ठरतो, आणि अंगानें भरलेला रोगी नजरेंतून सुटतो. ‘आहारविकाराचा’ व ‘आहारविकारांचा’ यांत अंतर एका अनुस्वाराचें. तो स्पष्ट उच्चारावा.

लिंगाची गोष्ट याहून जुनी आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनीं १८६८ त या रोगाचें नांव ‘हिस्टेरिया’शीं जोडलें होतें. त्या शब्दाचें मूळ गर्भाशयवाचक ग्रीक शब्दांत आहे. हा रोग पुरुषांसहि होतो, हें ध्यानीं घेऊन त्यांनीं पुढें ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हें व्यापक नांव स्वीकारलें. तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत मासिक पाळी बंद होणें हें या रोगाचें एक लक्षण म्हणून २०१३ पर्यंत टिकून होतें. ज्या मुलास पाळीच नाहीं, त्याचें निदान त्या कसोटीनें कसें व्हावें ?

येथें मराठीचें अनेकवचन आपल्या उपयोगी पडतें. ‘त्याला’ आणि ‘तिला’ वेगळे. परंतु ‘त्यांना’ म्हटलें कीं स्त्री, पुरुष, मूल, सर्व त्यांत आले. म्हणून ‘रोगी मुलगी’ असें गृहीत न धरतां ‘ज्यांना आहारविकार आहेत, त्यांना’ असें बोलावें. माणसावर रोगाचें नांव चिकटवण्याचेंहि त्यानें टळतें.

आपल्या घरांत कोणी ताट टाळूं लागलें, किंवा जेवून लगेच मोरीकडे जाऊं लागलें, तर मुलगा कीं मुलगी, बारीक कीं स्थूल, हें पाहत बसूं नये. परळला १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय आहे, तेथील किंवा जवळच्या कोणत्याहि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला वेळींच घ्यावा.