लघुपट आणि आपल्या दारची हिंसा



बोदलकसाच्या तलावाकाठी येऊन सिनेमावर बोलायचे, याचा आम्हाला प्रथम थोडा संकोच वाटला. हा मुलूख नाटकाचा. धान घरात आले, मंडई भरली, की झाडीपट्टीचा रसिक रात्रभर नाटकासमोर बसतो आणि पहाटे खलनायकाला शासन झाले की समाधानाने उठतो. अशा श्रोत्यांना पंधरा-वीस मिनिटांच्या लघुपटाचे कौतुक ते काय सांगावे? परंतु आज आम्हाला बोलायचे आहे ते त्या पहाटेच्या समाधानाविषयीच. खलनायक पडला की आपण सारे निर्दोष ठरतो. जेथे खलनायकच नाही, तेथे काय होते?

नागराज मंजुळे हे नाव 'सैराट'मुळे २०१६ साली घरोघर पोचले. आम्ही सांगतो ते त्याआधीचे. करमाळा तालुक्यातील जेऊर गावच्या, वडार समाजातून आलेल्या या तरुणाने तेव्हाच्या अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. साल २००९. पुढे त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय एका ओळीचा: पारध्याच्या एका पोराला शाळेत जायचे आहे. त्याची वाट अडवायला कोणी दांडगा उभा नाही; वाट अडते ती भुकेने आणि जातीवरच्या जुन्या डागाने.

हा डाग कोणी लावला? १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली त्या कागदावर मुक्त झाल्या. परंतु कागदावरचे पुसले म्हणून लोकांच्या नजरेतले पुसले जाते काय? ही नजर म्हणजेच हिंसा. तिला रक्त लागत नाही.

मंजुळे यांचा 'पावसाचा निबंध' हा लघुपट २०१७ सालचा. गुरुजी मुलांना पावसावर निबंध लिहायला सांगतात. पाऊस किती सुंदर, हे आपण सर्वांनीच शाळेत लिहिले आहे. पण या मुलाचे घर गळते आहे आणि बाप दारू पिऊन बाहेर पडला आहे. निबंध लिहायला कोरडी जागा कोठे आहे? सज्जनहो, धानाच्या या मुलखात पाऊस म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. त्या गुरुजींनीही मुलाचे वाईट चिंतलेले नाही. त्यांनी फक्त विचारलेले नाही.

पुढे आणखी एक गोष्ट पाहा. 'फँड्री' या २०१३ च्या चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. अनेकांना तो शेवट रुचला नाही. आम्हालाही पहिल्यांदा तो दगड लागला. मग वाटले, इतका वेळ त्या पोराच्या फजितीला हसणाऱ्या गर्दीत आपण कोठे उभे होतो?

हे सारे सोलापूर-नगरकडचे, असे म्हणून उठून जाण्याची सोय आपल्याला नाही. खैरलांजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यातली. १९९९ पर्यंत आपण एकाच जिल्ह्यात होतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर कॅमेरे पुष्कळ आले. आदल्या दिवशी तेथे एकही नव्हता.

आज आपल्या पोरांच्या हाती मोबाइल आहे, म्हणजे कॅमेरा आहे. कोणाला मारहाण होताना तिचे चित्रण करून गावभर फिरविणे, हा त्या मारहाणीचाच दुसरा हप्ता होय. त्यांना आम्ही एवढेच सांगू: कॅमेरा आदल्या दिवशी लावा. पाणवठ्यावर, शाळेच्या मागच्या बाकावर, जेवणाच्या पंगतीत लावा. घाव तेथे तयार होतो.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की उद्या एखाद्या पोराने तो कॅमेरा आपल्याच दाराकडे वळविला, तर रागावून दार लावू नका. त्याने आणलेला लघुपट पंधरा मिनिटे बसून पाहा. रात्र रात्र नाटक पाहणाऱ्यांना ते जड नाही.